वरच्यांचे पाणी, खालच्यांचे पाणी

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांच्या भिंतींवर दहा मूल्यांची यादी हमखास रंगवलेली असते. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, सौजन्यशीलता, संवेदनशीलता, वैज्ञानिक दृष्टिकोन, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता, राष्ट्रीय एकात्मता, राष्ट्रभक्ती. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मूल्यशिक्षण परिपाठात आले, तेव्हापासून किती तरी मुले ही यादी वाचत मोठी झाली. माढा, करमाळा, इंदापूर, दौंड आणि कर्जत या तालुक्यांत पसरलेल्या उजनी धरणाच्या काठावरच्या शाळाही याला अपवाद नाहीत. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष उरकले की मुले वर्गात जातात आणि यादी भिंतीवर राहते.

हे पुस्तक त्या यादीला नावे ठेवण्यासाठी नाही. तिच्यातला एकही शब्द चुकीचा नाही. पण हवामानबदल, प्रदूषण, विस्थापन, स्थलांतर, विषमता अशी जी संकटे आपण जगाची म्हणून वाचतो, ती ज्या गावांच्या बांधापर्यंत येऊन ठेपली आहेत, तिथल्या मुलांनी या शब्दांचे करायचे काय, हा प्रश्न टाळता येत नाही. त्यावर मला या प्रस्तावनेत एकच गोष्ट मांडायची आहे. आपल्या वाट्यातले काही सोडायची वेळ येते, तिथे मूल्याची खरी सुरुवात होते. उजनीकाठच्या मुलाला ही वेळ पाण्याच्या रूपाने रोज भेटते. शाळेने त्याला त्या पाण्याकडे नीट पाहायला शिकवले, तर भिंतीवरच्या दहाही शब्दांना अर्थ येईल.

आधी धरणाकडे पाहू. भीमा नदीवर माढा तालुक्यातल्या उजनी गावाजवळ हे धरण उभे राहिले आणि १९८० मध्ये पुरे झाले. त्याच्या जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. पूर्ण भरले की त्यात सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावते आणि ते ३३० चौरस किलोमीटरहून अधिक जमिनीवर पसरते. वर्षाला जेमतेम पाच-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या, ज्वारी-बाजरीवर जगणाऱ्या या भागाचे त्याने रूपच पालटले. ऊस आला, साखर कारखाने आले, कंदर भागातली केळी परदेशी जाऊ लागली. सोलापूर शहर याच पाण्यावर तहान भागवते. या धरणाने लाखो घरांत चूल पेटती ठेवली, हे आधी मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

मग त्याच पाण्याखाली काय गेले, तेही पाहिले पाहिजे. सुपीक काळी राने गेली, गावठाणे गेली, नदीकाठची मंदिरे आणि पार गेले. पाणी फार उतरते त्या वर्षी जुन्या पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर उघडे पडते. वर्तमानपत्रांत फोटो येतात, बघ्यांची रीघ लागते. गावातली वयस्कर माणसे मात्र चिखल तुडवत आपल्या घराचे जोते कुठे होते ते नातवंडांना दाखवतात. ज्यांनी दिले ते बहुतेक काठावर राहिले, आणि ज्यांना मिळाले त्यांपैकी पुष्कळजण कालव्याच्या टोकाला, दूर आहेत. त्यागाचा धडा शिकवताना शिक्षकाला पुराणातली गोष्ट शोधत बसायचे कारण नाही. तो धडा वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरात आजी-आजोबांच्या तोंडी आहे. तो विचारला जात नाही, एवढेच.

धरण बांधले जात होते त्याच वर्षांत देश कायदेही लिहीत होता. पाण्याच्या प्रदूषणाला आळा घालणारा कायदा १९७४ चा. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा कायदा १९७६ चा. नद्या, वने, तळी यांचे रक्षण करणे आणि प्राणिमात्रांबद्दल दया बाळगणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे, असे संविधानाच्या ५१-क या अनुच्छेदात आले तेही १९७६ च्याच बेचाळिसाव्या दुरुस्तीने. म्हणजे यशवंतसागर भरण्याआधीच आपण कागदावर पुरेसे शहाणे झालो होतो. पुढच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत जे घडले, ते कायद्याच्या अभावाने घडले नाही. कायद्यामागे जी सवय लागते, जी लाज लागते, शेजाऱ्याची जी जाण लागते, ती आपण घडवली नाही. ती घडवणे हे शिक्षणाचे काम होते.

काय घडले, ते काठावरचा कोणीही सांगेल. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी यांच्यातून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते. त्यातले बरेचसे अर्धवट शुद्ध केलेले किंवा मुळीच न केलेले असते. त्यात औद्योगिक वसाहतींच्या रसायनांची भर पडते. उन्हाळ्यात पाणी कमी झाले की कडेला हिरवी साय धरते, वास सुटतो, अंगाला खाज येते. नदीतल्या मूळच्या माशांची जागा चिलापी (तिलापिया) माशाने घेतली. ज्या भोई कुटुंबांनी कधीकाळी अनेक जातींचे मासे पाट्यांत भरून भिगवणच्या बाजारात नेले, त्यांच्या जाळ्यात आज मुख्यतः चिलापीच येते. बारीक आसाची जाळी टाकून पिल्लेच उचलली जातात, त्यामुळे उरलेल्या जातींनाही वाढायला अवधी मिळत नाही.

म्हणून उजनीकाठच्या माणसाला वरच्यांचा राग आहे, आणि तो रास्त आहे. पण मूल्यशिक्षण इथेच थांबले तर ते अर्धे राहील. काठावरच्या उसाला आणि केळीला टाकलेला युरिया, मारलेली तणनाशके आणि कीटकनाशके ओढ्या-नाल्यांनी कुठे जातात? गावची गटारे कुठे उतरतात? उजनीतून नदीत सोडलेले पाणी पुढे पंढरपूरला जाते, मंगळवेढ्याला जाते, सोलापूरकडे जाते. तिथून भीमा कर्नाटकात शिरते आणि रायचूरजवळ कृष्णेला मिळते. पुणे आपल्या वर आहे, तसे आपण पंढरपूरच्या वर आहोत, आणि पंढरपूर कर्नाटकातल्या गावांच्या वर आहे. नदीकाठचे प्रत्येक गाव कोणाच्या तरी खाली असते आणि कोणाच्या तरी वर असते. वरच्याचा राग आपोआप येतो, तो शिकवावा लागत नाही. खालच्याची जाण मात्र शिकवावी लागते. या पुस्तकाचे सगळे म्हणणे या दोन वाक्यांत आले.

जगाचा प्रश्नही याहून वेगळा नाही. धूर सोडणारे देश एकीकडे आणि समुद्र चढल्याने बुडणारी बेटे दुसरीकडे, हेसुद्धा वरच्यांचे आणि खालच्यांचेच नाते आहे. पर्यावरण शिक्षणावर राष्ट्रांची पहिली मोठी परिषद १९७७ मध्ये तिबिलिसी येथे भरली, तिने माहितीच्या जोडीला वृत्ती आणि सहभाग यांवर भर दिला. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये ठरवलेल्या शाश्वत विकासाच्या १७ उद्दिष्टांत शिक्षणाचे चौथे उद्दिष्ट आहे. शाश्वत जीवनशैली, मानवी हक्क, समानता आणि शांतता यांचे शिक्षण प्रत्येक मुलाला मिळावे, असे त्यात म्हटले आहे. हे शब्द मोठ्या सभागृहांत लिहिले गेले. त्यांची परीक्षा कुगाव, केत्तूर, वांगी, पळसदेव अशा गावांच्या शाळांत होणार आहे.

ती परीक्षा कशी घ्यावी, याचे एक उदाहरण सविस्तर देतो. ऋण संख्या शिकवताना बहुतेक शिक्षक तापमापी किंवा उधारीचा हिशेब घेतात. उजनीकाठच्या वर्गाला याहून जवळचे उदाहरण आहे. २०२३ मध्ये पाऊस हात आखडून पडला. धरण साठ टक्क्यांच्या आसपास भरून थांबले. जानेवारी २०२४ मध्येच ‘उजनी मायनसमध्ये गेली’ ही बातमी आली आणि उन्हाळ्याच्या अखेरीस आकडा वजा साठच्या घरात पोचला. धरण शून्याच्या खाली जाते म्हणजे काय, असे मुलांना विचारावे. उत्तर हिशेबात आहे. धरणातले सुमारे ५३.५७ टीएमसी पाणी उपयुक्त साठा म्हणून धरतात आणि त्याखालचे सुमारे ६३.६६ टीएमसी मृतसाठा म्हणून. टक्केवारी उपयुक्त साठ्याची मोजतात. वजा साठ टक्के म्हणजे मृतसाठ्यातूनही सुमारे ३२ टीएमसी पाणी उपसले गेले आणि साडेएकतीस टीएमसीच्या आसपास उरले.

इथवर गणित झाले. आता पुढचा प्रश्न विचारावा: हे ३२ टीएमसी कोणाच्या वाट्याला गेले? मुलांना उत्तर ठाऊक असते, कारण त्यांनी घरी पाहिलेले असते. पाणी मागे सरकले की मोटारी खाली उतरवायच्या, पाइपाला पाइप जोडत न्यायचे, तेही पुरेनासे झाले की चारी खोदून पाणी मोटारीपर्यंत आणायचे. विजेची वेळ सांभाळत रात्र काढायची. ज्याच्याजवळ आणखी पाइप घ्यायला पैसे आहेत, त्याचा ऊस जगतो. ज्याच्याजवळ नाहीत, त्याचे पीक डोळ्यांसमोर वाळते, मग जमीन कितीही काठाला लागून असो. पुढे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धरण काठोकाठ भरले आणि नदीत पाणी सोडावे लागले. एका वर्षात दुष्काळ आणि पूर या दोन्हींच्या बातम्या एकाच धरणाच्या. वैज्ञानिक दृष्टिकोन, समानता आणि संवेदनशीलता ही तीन मूल्ये या एका तासात येतात, आणि एकाचेही नाव घ्यावे लागत नाही. बारा ते अठरा महिने पाणी मागणारा ऊस किती लावावा, ठिबक किती जणांनी केले, मृतसाठ्यावर पहिला हक्क पिण्याच्या पाण्याचा की पिकाचा, हे प्रश्न मुले आपणहून विचारतात. घरी गेल्यावर तेच प्रश्न वडिलांना विचारले जातात, आणि तिथे खरे शिक्षण सुरू होते.

वाटणीचा प्रश्न किती पेटू शकतो हे २०२१ मध्ये दिसले. उजनीतून ५ टीएमसी पाणी इंदापूर भागासाठी उचलण्याचा आदेश एप्रिलमध्ये निघाला, सोलापूर जिल्ह्यातून तीव्र विरोध झाला आणि मे महिन्यात तो रद्द झाला. बाजू कोणाची खरी, हे या प्रस्तावनेत ठरवायचे नाही. पण त्या महिन्यांत दोन्ही काठांवरच्या मुलांनी ‘आमचे पाणी’ हे दोन शब्द ऐकले. दोन्ही काठांनी जमिनी दिल्या होत्या. एकाच पाण्याने दोन्हीकडची जुनी गावे पोटात घेतली होती. इंदापूरच्या वर्गाने करमाळ्याची बाजू मांडावी आणि माढ्याच्या वर्गाने इंदापूरची, असा वाद एखाद्या शाळेने आजही घडवून आणावा. दुसऱ्याची तहान आपल्या तोंडाने सांगता येणे, ही लोकशाहीची फार मोठी तालीम आहे.

धरणाने काठांना जोडले तसे तोडलेही. पूर्वी नदी ओलांडून जाता येत होते ती गावे आता रस्त्याने लांबच्या वळशाची झाली, म्हणून माणसे बोटीने जातात. मे २०२४ मध्ये कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळात उलटली आणि सहा जणांचे प्राण गेले. जीवरक्षक जॅकेट, वाऱ्याचा अंदाज, बोटीत किती माणसे बसावीत याचा नियम हे विषय पाठ्यपुस्तकात नसतील. काठावरच्या शाळेत ते असलेच पाहिजेत. ‘काही होत नाही’ हे दोन हातांनी झटकून टाकायचे वाक्य आहे, हे मुलाला शाळेने सांगितले नाही तर दुसरे कोण सांगणार?

आणखी एका मुलाकडे पाहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतून ऊसतोडणीच्या टोळ्या या भागात उतरतात. उचल आधीच घेतलेली असते, मुकादमाचा हिशेब डोक्यावर असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. फडाजवळ कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात. पहाटे आई-बाप फडात जातात आणि दहा वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन कोपीशी राहते. शाळेची घंटा तिला ऐकू येते. तिच्याच वयाची गावातली मुलगी त्या वेळी परिपाठाला उभी राहून समानतेचा सुविचार म्हणत असते. दोघींच्या मधला ऊस एकच, तो ज्या पाण्यावर वाढला ते पाणीही एकच. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे, आणि साखरशाळा, हंगामी वसतिगृहे अशी पावलेही उचलली गेली. पण गावाने ठरवले नाही तर हे मूल हंगामभर शाळेबाहेरच राहते. कोप्या पडल्या की दुसऱ्या दिवशी शिक्षकांनी आणि वरच्या वर्गातल्या मुलांनी तिथे जाऊन नावे लिहून आणावीत, या मुलांना वर्गात आपल्या शेजारी जागा द्यावी. समानतेवर निबंध लिहिण्यापेक्षा मुलाला बाकावर थोडे सरकून बसायला लागणे अधिक मोलाचे आहे.

आपल्या वाट्यातले सोडण्याचा आणि खालच्याची जाण ठेवण्याचा हा विचार इथल्या मातीला नवा नाही. देहू आणि आळंदी इंद्रायणीच्या काठी. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते, भीमा उजनीत येते आणि पुढे पंढरपुरात चंद्रभागा होते. तुकोबांची पालखी इंदापूरवरून जाते. म्हणजे वारकरी रस्त्याने पंढरीला जातात आणि इंद्रायणीचे पाणी नदीने. आळंदीला इंद्रायणीवर फेस दिसला अशा बातम्या येतात, तेव्हा तो मळ त्याच वाटेने वारीला निघालेला असतो, हे काठावरच्या वारकरी घराला चटकन कळते. पंढरपूरच्या मंदिराची दारे दलितांना उघडावीत म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये तिथेच प्राणांतिक उपोषण केले. ते शिक्षक होते. मूल्य शिकवणाऱ्याने स्वतःचे काही पणाला लावायचे असते, हे त्यांनी दाखवले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि मुलांना कमवत शिकवले. गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याला नई तालीम मांडली, तिचाही आधार हाताचे काम हाच होता. श्रमप्रतिष्ठा हा शब्द यादीत येण्याच्या किती तरी आधी तो महाराष्ट्राच्या शाळांत कुदळ-फावडे घेऊन उभा होता.

अलीकडचे उदाहरण तर माढा तालुक्यातलेच आहे. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरच्या त्या रकमेतला अर्धा वाटा त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना दिला. भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन अशा एकमेकांशी भांडणाऱ्या देशांतल्या मुलांना इंटरनेटवरून बोलते करण्याचा उपक्रमही त्यांनी चालवला. पलीकडच्या देशातल्या मुलाशी बोलणे शक्य असेल, तर पुण्याच्या आणि पंढरपूरच्या शाळेशी बोलणे अवघड नाही. पवनाकाठच्या शाळेला उजनीकाठच्या वर्गाने आपल्या पाण्याचा रंग आणि वास कळवावा, पंढरपूरच्या वर्गाने उजनीला आपला कळवावा. नदीच्या वाटेने पत्रे गेली तर वरच्याला खालच्याचा चेहरा दिसेल.

पुढच्या पानांत असेच पाठ सुचवले आहेत. पाणी कुठवर आले त्याची खूण दर आठवड्याला रोवून नोंद ठेवणे. जुन्या गावाच्या आठवणी आजी-आजोबांकडून लिहून घेणे. हिवाळ्यात कुंभारगाव, भिगवणकडे उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांची आणि हिमालय ओलांडून येणाऱ्या पट्टकादंबांची नोंद करणे. तिथले काही मच्छीमार आता पक्षी दाखवून चार पैसे मिळवतात, बोट थव्यात न घालता लांबून दाखवतात. पक्षी टिकला तर आपणही टिकू, हे त्यांना कोणी भाषण देऊन सांगितलेले नाही. नववी-दहावीला जलसुरक्षा हा विषय आला आहे, त्याच्या वहीत या नोंदी सहज मावतील. आणि वर्षातून एकदा ही वही ग्रामसभेत वाचली जावी, म्हणजे ती गुणपत्रिकेपुरती उरणार नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. मोठ्यांनी बिघडवलेले मुलांनी सुधारावे, असा अर्थ यातून कोणी काढू नये. सांडपाणी शुद्ध करणे महापालिकांचे काम आहे, रसायने अडवणे कारखान्यांचे आणि त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेचे काम आहे, पुनर्वसनाचे राहिलेले देणे शासनाचे आहे. मुलांना भीती दाखवून किंवा अपराधी वाटायला लावून काही साधत नाही. त्यांना प्रश्न विचारायचे बळ द्यावे, मोजायची शिस्त द्यावी, आणि गावाने त्यांचे ऐकावे. शिक्षकालाही हे एकट्याने पेलणार नाही. शाळा व्यवस्थापन समिती, बचत गट, मच्छीमारांच्या संस्था, दिंडीचे चालक, कारखान्याचे शेतकी कर्मचारी या सगळ्यांनी वर्गात यावे आणि मुलांसमोर आपला हिशेब मांडावा.

हे पुस्तक हातात घेणाऱ्या शिक्षकांना आणि पालकांना माझे एवढेच सांगणे आहे. सगळे पाठ एकदम घेऊ नका. एका प्रश्नाने सुरुवात करा: आपल्या घरातले पाणी कोणाकडून आले आणि आपल्यानंतर कोणाकडे जाते? उजनीकाठच्या मुलाने या प्रश्नाचे उत्तर शोधले आणि त्या उत्तरापायी घरातली एक सवय बदलायला लावली, फवारणीचा डबा ओढ्यात धुणे बंद केले, एक पाळी पाणी कमी दिले, कोपीतल्या मुलाला शाळेत आणले, तर मूल्यशिक्षणाने आपले काम केले असे मी मानेन. जगाच्या मोठ्या संकटांना लहान गावाने द्यायचे उत्तर हेच आहे, आणि ते द्यायला उजनीकाठच्या गावांइतके अनुभवी कोणी नाही.